उत्तरेच्या खिडकीतलं तांबं

१

तांब्याची जुनी नाणी जमवणारी माणसं म्हणजे एक वेगळंच प्रकरण असतं. सोन्याचांदीच्या मागे लागणारे लोक त्यांना उथळ वाटतात. नाण्याला ते ‘ती’ म्हणतात. तांब्याचा खरा रंग दिव्याखाली कळत नाही, त्याला उत्तरेकडच्या खिडकीतला दिवसाचा उजेड लागतो, यावर ते हमरीतुमरीवर येतात. आणि उंटाच्या केसांच्या मऊ ब्रशने ते आपली नाणी झटकत बसतात. दर रविवारी, हलक्या हाताने, मांजर कुरवाळावं तसं. त्यांच्या बायका याला हसतात, आणि काही वर्षांनी त्यांच्याही हातात ब्रश येतो.

हॉलिस टारबेल याच जातीचा होता. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या एका छोट्या गावात, बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर मर्ना गोडार्डची वडिलोपार्जित लिलावाची पेढी होती. तिथे तो चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नाण्यांची वर्णनं लिहीत आला होता. जे दिसतं ते लिहायचं, नसेल ते लिहायचं नाही, एवढाच त्याचा धर्म. त्याने लिहिलं की झालं, नाणं न बघता लोक बोली लावत.

१९८७च्या फेब्रुवारीत एल्डन पेटिंगिल नावाचे म्हातारे गृहस्थ काठी टेकत तो जिना चढून आले. ते वृद्धाश्रमात राहायला निघाले होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कापडाची छोटी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत १७९३चा तांब्याचा सेंट होता, सेंट पाडायला सुरुवात झाली त्या पहिल्या वर्षाचा, मागे साखळी आणि पुढे मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी असलेला. असं नाणं हातात घेताना हॉलिसला आजही घाम फुटे.

“सुरेख आहे,” तो म्हणाला. “चेहरा फार स्वच्छ उमटलाय.”

“घाबरलेली दिसते ना?” पेटिंगिल म्हणाले.

“त्या काळीही लोक हेच म्हणायचे. ही देवी भ्यालेली दिसते, अशी वर्तमानपत्रात तक्रार होती.”

पेटिंगिलनी मान हलवली. त्यांना ते मान्य होतं की नव्हतं, कळलं नाही. “जो सांभाळेल त्याच्याकडे जाऊ दे तिला. आणि ब्रश नका करू आता. ब्रश खूप झालाय तिला.”

हॉलिसने ते लिहूनही घेतलं नाही. जास्त ब्रशने तांबं चकाकतं, म्हातारा त्याबद्दल बोलतोय, एवढंच त्याच्या मनात आलं. मर्नाने त्याच दुपारी नाण्याचे फोटो काढले आणि यादी छापायला पाठवली.

२

सगळी चूक पुढच्या शनिवारी झाली, आणि ती चूक असं काम करणाऱ्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. ऑफिसात ट्यूबलाइट होती. लिलावाच्या वेळी नाण्याशेजारी ठेवायच्या चिठ्ठीवर रंगाबद्दल दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या. हॉलिसने नाणं पाकिटात घालून घरी आणलं, कारण त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर उत्तरेला होती.

त्याची बायको रोवेना शेगडीवर बीन्सचं मडकं चढवत होती. वय बासष्ट, केसांचा घट्ट अंबाडा, नाकाच्या मधोमध एक उंचवटा. अकराव्या वर्षी गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करताना पडून नाक मोडलं होतं, आणि ते गावातल्या घोड्यांच्या डॉक्टरने बसवलं होतं. ती स्वतःच सगळ्यांना हे सांगत असे.

“कोणाला आणलंस आज?” तिने विचारलं.

“पेटिंगिलचा सेंट.”

“नदीपलीकडचा पेटिंगिल? ज्याच्या बायकोला शोधायला नदीत गळ टाकले होते?”

“कसले गळ?”

“तुला गावातलं काही ठाऊक नसतं रे म्हाताऱ्या. सोळा वर्षं झाली. बाई स्वयंपाकघरातून नाहीशी झाली. शेगडीवर सूप तसंच. पोलिसांनी त्याचं तळघरसुद्धा खणलं. काही मिळालं नाही, पण त्यानंतर चर्चमध्ये त्याच्या शेजारी कोणी बसलं नाही.”

हॉलिसने खिडकीपाशी कापड पसरून त्यावर नाणं ठेवलं. खाचेत धूळ होती. त्याचे हात गेली दहा वर्षं कापत होते, आणि रोवेनाने घड्याळांच्या कारखान्यात तबकड्यांवर आकडे रंगवण्यात उमर घालवली होती. त्यामुळे घरात ब्रश तीच करायची. त्याने नेहमीसारखा ब्रश तिच्यापुढे धरला. पेटिंगिलचं बोलणं त्याला आठवलं, पण धूळ झटकणं म्हणजे काही ब्रश करणं नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

तिने हात पुसले, खुर्ची ओढली आणि हळूच दहाबारा फटकारे मारले. “बिचारी,” ती म्हणाली. “कशाला एवढी घाबरलीस गं?”

तेव्हाच तळघरात काहीतरी धप्प झालं. एकदाच. टेबलावरचा चमचा बशीत किणकिणला.

“बॉयलर,” रोवेना म्हणाली.

तो खाली जाऊन बघून आला. बॉयलर व्यवस्थित चालला होता.

३

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नाणं पोलादी ठशाने पाडतात. ठसा वापरून वापरून तडकला, की त्या तड्यात तांबं शिरतं आणि नाण्यावर केसाएवढी उंच रेघ उमटते. ठसा जसजसा जास्त तडकेल तसतशी पुढच्या नाण्यांवरची रेघ लांबते. पण एकदा पाडलेलं नाणं म्हणजे संपलेली गोष्ट. त्याच्यावरची रेघ वाढत नाही आणि मिटत नाही. हॉलिस हे ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ इतक्या खात्रीने मानत होता.

रविवारी सकाळी त्याने भिंग लावलं तेव्हा देवीच्या मानेवर रेघ होती. कडेपासून निघालेली, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी.

आपण काल ती पाहिली नाही, हे त्याला पटेना. पण रेघ उगवली यापेक्षा आपले डोळे म्हातारे झाले हे मानणं सोपं होतं, म्हणून त्याने तसं मानलं. यादी छापायला गेली होती, आणि त्यात त्याच्याच शब्दांत लिहिलेलं होतं की ठशाला कुठेही तडा नाही. त्याला लाज वाटली. त्याने कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी जेवताना रोवेनाने मान चोळली.

“उशी बदलायला हवी,” ती म्हणाली. “बघ, वळ उठलाय.”

तिच्या कॉलरमधून एक बारीक रेघ वर आली होती. त्याने बोट फिरवलं. उशीचा वळ कातडीत रुततो. ही रेघ बोटाला लागत होती.

४

सोमवारी त्याने नाणं ऑफिसच्या तिजोरीत ठेवलं. त्याला वाटलं, घरातून गेलं की झालं. पण धप्प असा आवाज घरीच येत राहिला. कधी सकाळी नाश्त्याला, कधी दुपारी. दिवसातून एकदा, मग दोनदा. खालून, जमिनीच्याही खालून आल्यासारखा. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एकदा त्याने नाणी पाडायचा जुना हातदाब चालवून दाखवताना पाहिला होता. दोन माणसं दांडा फिरवायची आणि जड पोलाद खाली येऊन आपटायचं. आवाज तोच होता. मग त्याने स्वतःलाच दटावलं. घरात जुने पाइप आहेत, बर्फ वितळतोय, नदी तडकतेय. मार्चमध्ये या भागात सगळंच वाजतं.

ऑफिसात तो दिवसातून चारदा तिजोरी उघडायचा. रेघ हनुवटीला पोचली. घरी रोवेनाच्या हनुवटीला पोचली.

डॉक्टरांनी तिला दिव्याखाली नीट तपासलं, रक्त काढलं, आणि वयानुसार कातडीचं काहीतरी होतं असं म्हणून मलम दिलं. रोवेनाला त्याचं हसू आलं. “माझं नाक घोड्याच्या डॉक्टरने बसवलं,” ती म्हणाली, “तो यापेक्षा हुशार होता.” पण हसताना तिच्या तोंडाची एकच बाजू हलली.

मग एक दिवस तिने अंबाडा सोडला. डोकं दुखतं म्हणाली. केस मोकळे पाठीवर टाकून ती टेबलाशी बसू लागली, आणि बोलताना त्याच्याकडे वळेनाशी झाली. खिडकीकडे पाठ, तोंड उजवीकडे, दाराच्या दिशेने. तो तिच्या डाव्या हाताला बसत असे. त्याला तिचा कान आणि केस तेवढे दिसत.

“रो, इकडे बघ ना.”

“बघतेच आहे की,” ती म्हणाली. वळली मात्र नाही.

५

पेढीत जुन्या याद्यांचं कपाट होतं. या जातीच्या सेंटचे चारच नमुने माहीत आहेत, असं सगळी पुस्तकं सांगत. एक १९०९ साली विकला गेला, एक १९३१ साली, एक १९५२ साली, आणि चौथा पेटिंगिलचा. पहिले तीन आज कुठे आहेत कोणाला ठाऊक नव्हतं. १९३१च्या नमुन्यावर तडा होता, डोळ्यापर्यंत गेलेला. बाकीचे स्वच्छ. तडा मिटत नसतो, त्यामुळे ती चार वेगळी नाणी असणार, यात कोणालाही शंका आली नव्हती. हॉलिसने स्वतः हे तीनदा छापलं होतं.

त्याने चारही फोटो टेबलावर मांडले. तारखेच्या सातच्या शेजारी एक बारीक खोच होती. चारही फोटोंत होती, त्याच जागी, त्याच तिरक्या आकाराची. कडेवर जिथे एका फोटोत चेपल्याची खूण होती तिथेच चारही फोटोंत होती. इतक्या वर्षांत हे कोणी पाहिलं नव्हतं, कारण तड्यानेच त्यांना सांगून टाकलं होतं की पाहायची गरज नाही.

नाणं एकच होतं.

मग त्याने चेहऱ्यांकडे पाहिलं. शाईच्या ठिपक्यांनी छापलेले जुने फोटो, नाकं जुळवण्यात अर्थ नाही, असं तो मोठ्याने म्हणाला. एकीची हनुवटी दुहेरी होती. एकीचं कपाळ उंच होतं. १९०९ची तर अगदी पोरसवदा होती.

त्याने याद्या कपाटात घातल्या आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. लिलाव शनिवारी होता. नाणं दुसऱ्याच्या मालकीचं झालं की हे सगळं त्या दुसऱ्याच्या घरी जाईल, असा विचार त्याच्या मनात आला. त्या दुसऱ्यालाही बायको असेल हे त्याला कळत होतं. तरीही त्याने तोच विचार धरून ठेवला. रोवेना वाचायला हवी होती, बाकी त्याला काही दिसत नव्हतं.

६

शुक्रवारी सकाळी निघताना ती टेबलाशी बसली होती.

“तुला काहीतरी विकायची घाई झालीय,” ती म्हणाली. शब्द एका बाजूने येत होते. “चाळीस वर्षांत तू कधी घाई केली नाहीस.”

“उद्या संपेल सगळं. मग आपण किनाऱ्यावर जाऊ. तुझ्या बहिणीकडे.”

“हॉलिस, खरं सांग. मी तुला नीट दिसते ना?”

“दिसतेस.”

“मला आज आरशात एकच डोळा दिसला.” ती दाराकडेच बघत होती. “मला भीती वाटते रे.”

त्याने मागून तिला मिठी मारली. पाठ उबदार होती. पण तिला मिठीत घेताना तिची जाडी कमी झाल्यासारखी वाटली, आणि तो घाबरून मागे सरला. याचं त्याला पुढे आयुष्यभर वाईट वाटणार होतं. त्याने तिचा चहा तिच्यापुढे सरकवला आणि तो गाडीकडे धावला.

७

लिलावाच्या आदल्या दिवशी नाणी बघायला ठेवतात. दुपारी एकच्या सुमाराला मर्नाने त्याला आतल्या खोलीत बोलावलं. तिच्यापुढे छापील यादी होती, नाणं होतं, आणि खुर्चीत पेटिंगिल होते. ते आपल्या नाण्याला शेवटचं बघायला वृद्धाश्रमातून टॅक्सी करून आले होते.

“हॉलिस, बसा,” मर्ना म्हणाली. “यादीत फोटो स्वच्छ आहे. तुम्ही लिहिलंय, तडा नाही. आणि माझ्यासमोर हे आहे.”

रेघ डोळा ओलांडून केसांत शिरली होती. पलीकडच्या कडेला पोचायला नखाएवढं अंतर उरलं होतं.

“तीन गिऱ्हाइकांनी मला येऊन सांगितलं की हे फोटोतलं नाणं नाही. मी विक्रीतून काढलंय. आता मला सांगा, खरं नाणं कुठे आहे?”

“हेच ते.”

“मी तुमच्या हाताखाली शिकले, हॉलिस. तडा वाढत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. पोलिसांना बोलवायला लावू नका.”

पेटिंगिल भिंग लावून नाण्याकडे बघत होते. बराच वेळ. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“ही माझी इडा नाही,” ते म्हणाले. मग हॉलिसकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, “ब्रश कोणी केला?”

“माझ्या बायकोने.”

“इडाच करायची आमच्याकडे. माझे हात जाड.” त्यांनी डोळे मिटले. “सोळा वर्षं मी रोज सकाळी तिच्याशी बोलायचो. माझी गेली आता. नाणं त्यांना द्या, मिस गोडार्ड. ते माझं नाही. टारबेल, तुम्ही इथे काय करताय? घरी जा.”

मर्नाने नाणं पाकिटात टाकलं आणि त्याच्यापुढे फेकलं. “सोमवारी खरं घेऊन या,” ती म्हणाली.

८

रस्त्यावर सगळा चिखल होता. दोनदा चाक रुतलं. पाकीट कोटाच्या आतल्या खिशात होतं, छातीशी, आणि तो सबंध वाटेत काहीतरी पुटपुटत होता. देवावर त्याचा कधी फारसा विश्वास नव्हता, त्यामुळे तो तिचंच नाव घेत होता.

अंगणात गाडी वळवताना त्याला स्वयंपाकघराची खिडकी दिसली. ती टेबलाशी होती. मोकळे केस, तोंड उजवीकडे. दुपारच्या उजेडात तिचा गाल तांबूस दिसत होता. ती आहे, एवढ्यानेच त्याला रडू फुटलं. त्याने गाडीचा हॉर्न वाजवला. तिने ऐकलं असावं, कारण ती वळू लागली. त्याच्याकडे, खिडकीकडे. आणि वळताना ती बारीक होत गेली. गाल गेला, कान गेला, आणि ज्या क्षणी तिचा चेहरा समोर यायला हवा होता तिथे खिडकीत उभी एक रेघ तेवढी होती.

धप्प झालं. या वेळी गाडीच्या काचा थरथरल्या.

तो दारातून आत गेला तेव्हा खुर्ची रिकामी होती. दुपारचा चहा टेबलावर होता, अजून कोमट. ब्रश कापडावर ठेवलेला होता, तिने ठेवायचा तसा, केस वरच्या बाजूला करून. त्याने वरच्या खोल्या बघितल्या, तळघर बघितलं, सरपणाची खोली बघितली, अंगणातल्या बर्फावर पावलं शोधली. हाक मारून मारून त्याचा घसा बसला. चार वाजता तो स्वयंपाकघरात परत आला आणि उत्तरेच्या खिडकीपाशी त्याने पाकीट उघडलं.

तडा नव्हता. नाणं स्वच्छ होतं, आत्ताच पाडल्यासारखं. सातच्या शेजारी खोच होती. केस मोकळे, मागे उडालेले. आणि नाकाच्या मधोमध एक उंचवटा होता, घोड्याच्या डॉक्टरने बसवलेला.

घरात आवाज राहिला नव्हता. बॉयलरही वाजत नव्हता. उद्या लोक येतील, नदीत गळ टाकतील, तळघर खणतील, हे त्याला आत्ताच माहीत होतं. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याच्या हातात सवयीने ब्रश आला होता. तो त्याने शेगडी उघडून आत टाकला.

मग त्याने तिची बशी पुसली, त्यात कापडाची घडी ठेवली आणि नाणं तिच्या जागेवर उभं टेकवलं. तो आपल्या खुर्चीत बसला. तिथून त्याला केस दिसत होते आणि मान दिसत होती. नाण्यावरची देवी उजवीकडे बघते, आणि अठ्ठावीस वर्षं तो या टेबलाच्या डाव्या बाजूला बसत आला होता.

तो उठला, खुर्ची उचलून पलीकडे नेली आणि तिच्या नजरेसमोर बसला.

“मी आहे, रो,” तो म्हणाला. “इथेच आहे.”

ती घाबरलेलीच दिसत होती.